अतिवास्तववाद की हायपररिअलिझम?

गालावरचं छिद्रन् छिद्र दिसावं इतकं बारीक काम केलेलं चित्र किंवा शिल्प समोर असतं आणि त्याबद्दल मराठीत लिहिताना हात अडतो. याला अतिवास्तववाद म्हणायचं, हायपररिअलिझम, की सरळ फोटोरिअलिझम?

'अतिवास्तववाद' इथे नको. तो शब्द मराठीत सररिअलिझमसाठी रुळला आहे. फ्रेंच कवी आंद्रे ब्रेताँने १९२४ मध्ये पॅरिसला जाहीरनामा काढला ती चळवळ स्वप्नांची, नेणिवेची. चित्रकार दालीची वितळणारी घड्याळं तिच्यातली. घोळ होतो तो उपसर्गामुळे. फ्रेंच 'सुर' काय, ग्रीक 'हायपर' काय, मराठीत दोन्हींना 'अति'च सुचतं.

उरले दोन, आणि खरी निवड त्यांच्यातच आहे. ब्रसेल्सचे गॅलरीवाले इझी ब्राशो यांनी १९७३ मध्ये एका प्रदर्शनाला हायपररिअलिझम हे नाव दिलं, तेव्हा त्यात अमेरिकी फोटोरिअलिस्टच, म्हणजे फोटोवरून तंतोतंत रंगवणारे, प्रामुख्याने होते. फरक पुढे पडत गेला. अमेरिकी चित्रकार चक क्लोजने १९६७-६८ मध्ये स्वतःचा चेहरा जवळजवळ नऊ फूट उंच रंगवला, तो कृष्णधवल फोटोवरून. फोटोत फोकसबाहेर गेलेला भाग त्याने चित्रातही धूसरच ठेवला. त्याने रंगवला तो फोटो. हा फोटोरिअलिझम.

आता शिल्पकार रॉन मुएकचं १९९६-९७ चं शिल्प घ्या. वडिलांचा उघडा मृतदेह जमिनीवर उताणा पडलेला. त्वचा सिलिकॉनची, केस मुएकच्या स्वतःच्या डोक्यावरचे. बारकावा इतका की आपण आपोआप खाली वाकतो, आणि मग ध्यानात येतं की हा अख्खा माणूस जेमतेम मीटरभर लांबीचा आहे. तपशील तंतोतंत, माप मुद्दाम बदललेलं, आणि त्यामुळे मरण जास्तच खरं वाटतं. वास्तव असं ताणून गडद केलेलं असेल तिथे मी हायपररिअलिझमच लिहीन आणि पहिल्यांदा येईल तेव्हा अर्थ एका वाक्यात सांगेन. 'अतिरेकी वास्तव' असं मराठीकरण करू नका. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे भलतंच उभं राहतं.

समीक्षेत फ्रेंच विचारवंत बोद्रियारच्या संदर्भात 'अतिवास्तव' भेटतं, पण तिथे विषय असतो तो ज्यांच्यामागे मूळ वस्तूच नाही अशा प्रतिमांचा. कलाकृतीच्या वर्णनात तो शब्द आणू नये.

आपल्याकडच्या व्यक्तिचित्र रांगोळीला काय म्हणावं? शेजारी फोटो ठेवून, चिमटीतल्या रंगाने डोळ्यातलं पाणीसुद्धा उतरवलेलं असतं. पद्धत पाहिली तर फोटोरिअलिझम. मला मात्र तिच्यासाठी 'हुबेहूब' हाच शब्द आवडतो, कारण रांगोळी काढणारे आणि बघणारे दोघंही तोच वापरतात.