फोंड्यातील केमिकल इंजिनिअरिंगची शिकवणी: एक अभिप्राय

ऊर्ध्वपातनाचा, म्हणजे द्रव उकळून व त्याची वाफ थंड करून घटक वेगळे करण्याचा, धडा मला महाविद्यालयात उमगला नव्हता. तो फोंड्यातील या छोट्या शिकवणीत उमगला. सरांनी सुरुवात सूत्रांपासून न करता काजूच्या भट्टीपासून केली. बोंडांचा आंबवलेला रस एकदा गाळला की हुर्राक मिळतो आणि तो आंबवलेल्या रसात मिसळून पुन्हा गाळला की फेणी तयार होते, कारण उकळताना वाफेत अल्कोहोलचे प्रमाण द्रवातील प्रमाणापेक्षा अधिक असते. ऊर्ध्वपातनाच्या स्तंभात, म्हणजे एकावर एक तबके असलेल्या उंच नळकांड्यात, प्रत्येक तबकावर हेच घडते, हे ध्यानात आल्यावर मॅकेब आणि थील यांनी १९२५ साली मांडलेल्या, किती तबके लागतील हे दाखवणाऱ्या आलेखातील पायऱ्या मी स्वतः काढू लागलो. वातावरणीय दाबाखाली साध्या ऊर्ध्वपातनाने इथेनॉल वजनाने सुमारे ९५.६ टक्क्यांपुढे का जात नाही, यावर सरांनी पूर्ण एक तास दिला, आणि तो तास मला सर्वांत मोलाचा वाटतो.

प्रक्रिया नियंत्रण मात्र घाईत उरकले गेले. त्यासाठी लागणाऱ्या लाप्लास रूपांतराची (अवकल समीकरणे सोपी करणाऱ्या गणिती पद्धतीची) उजळणी मला घरीच करावी लागली. छापील टिपणेही फिकट आहेत. तरीही वस्तुमान आणि ऊर्जा समतोलाची गणिते अडणाऱ्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी येथे अवश्य यावे, आणि सत्र सुरू होतानाच यावे.