घरचं बायबल की खानेसुमारी? पश्चिमेकडे गेलेला अमेरिकन पूर्वज शोधताना

अमेरिकेतल्या मराठी घरांत हल्ली एक नवं काम येऊन पडतंय. मुलाने किंवा मुलीने तिथल्या जुन्या कुटुंबात लग्न केलं, नातवंडं झाली, शाळेने वंशावळ मागितली. आपली बाजू कुलवृत्तान्तातून किंवा त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीतून बऱ्यापैकी भरते. व्याह्यांची बाजू मात्र ‘आमच्या पणजोबांचे आजोबा छपराच्या बैलगाडीतून ऑरेगनला आले’ एवढ्यावर येऊन अडते. पुढे कसं जायचं?

वाटा मुख्यतः दोन. एक म्हणजे घरातले कागद: बायबल, पत्रं, रोजनिशी, फोटोंच्या पाठीवरची नावं. दुसरी म्हणजे दर दहा वर्षांनी होणारी सरकारी खानेसुमारी. माझं मत आधीच सांगते. निर्णय 1850 या सालावर करावा. पूर्वज त्या साली हयात असेल, तर आधी खानेसुमारी उघडा. त्यापूर्वीच वारला असेल, तर घरचे कागद आणि जोडीला जमिनीचं दप्तर.

आपल्याला खानेसुमारी चटकन आठवत नाही, याला कारण आहे. भारतात 1948 च्या जनगणना कायद्यानुसार माणसामाणसाची नोंद गोपनीय राहते; आपल्या हाती येतात ते फक्त आकडे. अमेरिकेत 72 वर्षं उलटली की नावानिशी भरलेले तक्ते सगळ्यांना खुले होतात. 1950 चे तक्ते 1 एप्रिल 2022 ला खुले झाले. तिथून मागे 1790 पर्यंत घरबसल्या जाता येतं, आणि फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर त्यातलं बहुतेक सगळं फुकट शोधता येतं.

पण 1790 ते 1840 या सहा खानेसुमाऱ्यांत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आहे. बाकी घर वयोगटांच्या रकान्यांत आकडा होऊन बसलेलं. पाच ते दहा वयाचे मुलगे दोन, वीस ते तीस वयाची बाई एक. ती बाई बायको, बहीण की सून, हे कागद सांगत नाही. तिचं नाव कळायचं तर घरचं बायबलच हवं.

घरच्या बायबलची खरी ताकद इथेच आहे. जुना आणि नवा करार यांच्या मधे जन्म, लग्न, मृत्यू यांसाठी कोरी पानं बांधलेली असत आणि तिथे घरातलंच कोणी नोंद करत असे. आपल्या अनेक जुन्या कुलवृत्तान्तांत मुलगी ‘अमक्याकडे दिली’ एवढीच उरते. बायबलच्या पानावर मुलीचा जन्मही मुलग्याइतकाच नीट, तारखेसकट लिहिलेला सापडतो. दोन खानेसुमाऱ्यांच्या मधल्या दहा वर्षांत जन्मून गेलेलं बाळ तर बहुधा याच पानावर भेटतं. सरकारी कागदाला त्याचा पत्ताही नसतो.

ही पानं डोळे मिटून मात्र स्वीकारू नयेत. आधी बायबलचं शीर्षकपान उलटून छपाईचं साल पाहावं. ग्रंथ 1862 चा आणि पहिली नोंद 1815 ची असेल, तर ती नोंद नंतर आठवणीतून किंवा दुसऱ्या कागदावरून उतरवलेली. सगळ्या नोंदी एकाच शाईत, एकाच हस्ताक्षरात असतील तरी तोच निष्कर्ष. शाई बदलत जाते, अक्षर तरुणाचं म्हाताऱ्याचं होत जातं, मधेच दुसरा हात येतो, असं पान जास्त विश्वासाचं. म्हणून नातेवाइकांकडे फोटो मागताना शीर्षकपानाचा फोटोही मागायचा. तो कोणी आपणहून पाठवत नाही.

आणखी एक जागा लोकांच्या लक्षात येत नाही. अमेरिकेच्या स्वातंत्र्यासाठी झालेल्या क्रांतियुद्धातल्या सैनिकांच्या विधवांना पेन्शनसाठी लग्न सिद्ध करावं लागे. दाखला नसेल तर त्या बायबलची ती पानं फाडून अर्जासोबत जोडत. अशी पानं वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात पेन्शनच्या फायलींमध्ये आजही आहेत. घरातलं बायबल हरवलं असलं, तरी त्याची पानं सरकारदरबारी जिवंत असू शकतात.

आता दुसरी बाजू. 1850 ला खानेसुमारीचं रूपच बदललं. घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव, वय, व्यवसाय, मालकीच्या स्थावराची किंमत आणि जन्माचं राज्य लिहायला सुरुवात झाली. पश्चिमेकडे गेलेल्या कुटुंबासाठी या शेवटच्या रकान्याचं मोल फार मोठं, कारण मुलांच्या जन्मस्थळांतून प्रवासाचा मार्गच उमटतो. समजा, 1850 च्या ऑरेगनच्या तक्त्यात एक घर आहे. बाप केंटकीचा, आई ओहायोची, बारा वर्षांचा मुलगा इंडियानात जन्मलेला, आठ वर्षांची मुलगी आणि पाच वर्षांचा मुलगा मिसूरीत, आणि दोन वर्षांचं बाळ ऑरेगनमध्ये. बाप कुठून निघाला, मिसूरीत किती वर्षं थांबला आणि सुमारे दोन हजार मैलांची ती वाट कोणत्या दोन-तीन वर्षांत तुडवली, हे सगळं या चार मुलांच्या चार ओळींतून कळतं. ‘आजोबा 1843 च्या पहिल्या मोठ्या तांड्यातले’ असं घरात अभिमानाने सांगत असतील आणि पाच वर्षांचं पोर मिसूरीत जन्मलेलं असेल, तर अभिमान दोन वर्षं पुढे सरकवावा लागतो. खानेसुमारी असं मुद्दाम कोणाला खोटं पाडायला बसलेली नव्हती, म्हणूनच तिचा शब्द मला जड वाटतो.

तिच्याही खोडी आहेत. प्रगणक दारात आला तेव्हा माहिती कोणी दिली, हे 1940 पूर्वी नोंदवलेलंच नाही. घरधनी शेतात, बाई आजारी, म्हणून शेजाऱ्याने अंदाजे वयं सांगितली, असंही होई. आडनाव कानाला आलं तसं लिहिलेलं. एकच बाई एका तक्त्यात मेरी आणि दुसऱ्यात पॉली, कारण मेरीला लाडाने पॉली म्हणत. तशीच मार्थाची पॅट्सी, मार्गारेटची पेगी, साराची सॅली. आणि 1850, 1860, 1870 या तिन्ही वेळी कुटुंबप्रमुखाशी नातं काय, हा रकानाच नव्हता. एका छताखाली दिसणारं मूल पुतण्या असू शकतं, पहिल्या नवऱ्याचं असू शकतं. नातं पहिल्यांदा लिहिलं गेलं 1880 मध्ये, आणि त्याच वेळी आईबापांची जन्मस्थळंही आली. 1900 चा तक्ता याहून उदार आहे. जन्माचा महिना आणि साल, लग्नाला किती वर्षं झाली, बाईला मुलं किती झाली आणि त्यातली हयात किती. त्या शेवटच्या दोन आकड्यांतला फरक बायबलमधल्या बाळांच्या नोंदींशी पडताळून पाहावा. दोन्ही जुळले की त्या घराची कथा पक्की झाली.

मधे 1890 चं मोठं भगदाड आहे. जानेवारी 1921 मध्ये वॉशिंग्टनमधल्या वाणिज्य खात्याच्या इमारतीत आग लागली. आग, पाणी आणि नंतरची हेळसांड यांत ते तक्ते जवळजवळ सगळे गेले. 1880 ला लहान असलेली मुलगी 1900 पर्यंत लग्न होऊन दुसऱ्या आडनावाखाली दिसेनाशी होते, ती याच खिंडीत. तिथे राज्यांच्या स्वतःच्या खानेसुमाऱ्या मदतीला येतात. कॅन्ससची 1885 आणि 1895 ची आहे, आयोवाचीही त्याच दोन सालांची. नेब्रास्का, कोलोरॅडो आणि डकोटा प्रदेशातही 1885 मध्ये मोजणी झाली. कॅलिफोर्नियात 1850 चे सॅन फ्रान्सिस्को, सांता क्लारा आणि कॉन्ट्रा कोस्टा या परगण्यांचे (काउंटींचे) तक्ते उरलेले नाहीत. त्यासाठी 1852 ची राज्य खानेसुमारी पाहावी.

दोन्ही साधनं शेजारी ठेवली की काय होतं, याचं मला सर्वांत पटणारं उदाहरण लॉरा इंगल्स वाइल्डर यांच्या घराचं. ही लेखिका 7 फेब्रुवारी 1867 ला विस्कॉन्सिनमधल्या पेपिनजवळ जन्मली. कॅन्ससच्या माळावरच्या बालपणावर तिने लिहिलेल्या कादंबरीत ती चांगली जाणती मुलगी आहे आणि धाकटी कॅरी तान्ही असतानाच गाडीतून सोबत येते. इंडिपेन्डन्स गावापासूनचं अंतर तिथे चाळीस मैल आहे. घरच्या बायबलमध्ये मात्र कॅरीचा जन्म 3 ऑगस्ट 1870 ला कॅन्ससच्या मॉन्टगोमेरी परगण्यात झाल्याचं लिहिलंय. म्हणजे लॉरा तेव्हा जेमतेम साडेतीन वर्षांची. 1870 च्या खानेसुमारीत हे कुटुंब त्याच परगण्यातल्या रटलंड टाउनशिपमध्ये (परगण्याच्या एका पोटविभागात) सापडतं, आणि ती जागा इंडिपेन्डन्स गावापासून साधारण तेरा मैलांवर. जमीन ओसेज या आदिवासी लोकांची असल्याने तिथल्या वसाहतकारांकडे मालकीचा कागदही नव्हता. कादंबरीने घराचं मन जपलं, बायबलने तारीख आणि परगणा दिला, खानेसुमारीने टाउनशिप आणि शेजारी दिले. हे सगळं जुळवतच पुढच्या अभ्यासकांनी त्या झोपडीची जागा शोधली. घरात ऐकलेल्या गोष्टींनाही अशाच वागवाव्यात. टाकून द्यायच्या नाहीत, पण तारखेसाठी त्यांच्यावर विसंबायचं नाही.

दोन्ही कागद भांडत असतील तर मी तिसऱ्याकडे, जमिनीच्या दप्तराकडे जाते. ऑरेगनसाठी तर ते कधीकधी दोघांपेक्षाही सरस ठरतं. 1850 च्या डोनेशन लँड क्लेम कायद्याने 1 डिसेंबर 1850 पर्यंत आलेल्या अविवाहित गोऱ्या पुरुषाला 320 एकर आणि जोडप्याला 640 एकर जमीन दिली. त्यातली निम्मी बायकोच्या स्वतःच्या नावावर. त्यामुळे लग्न कधी, कुठे झालं हे दाव्यात सांगावंच लागे. सोबत जन्माचं ठिकाण आणि ऑरेगनला आल्याची तारीखही. 1862 च्या होमस्टेड कायद्याखाली 160 एकरांसाठी पाच वर्षं राहून जमीन कसावी लागे. त्या फायलींत घर किती फुटांचं, किती एकर नांगरले, घरात माणसं किती, याच्या शेजाऱ्यांनी दिलेल्या साक्षी असतात. अशी फाईल खानेसुमारीच्या एका ओळीपेक्षा कितीतरी बोलकी. जमिनीच्या सनदांची सूची सरकारी भूमी कार्यालयाच्या संकेतस्थळावर मोफत आहे. पूर्ण फाईल अभिलेखागारातून पैसे भरून मागवावी लागते. माझ्या मते शोधकामात पैसे खर्च करायचेच, तर ते पहिल्यांदा इथे.

एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. ही तुलना गोऱ्या वसाहतकारांच्या घरासाठी आहे. व्याह्यांच्या पूर्वजांत कोणी गुलाम ठेवलेलं कृष्णवर्णीय असेल, तर 1850 आणि 1860 चे गुलामांचे वेगळे तक्ते जवळजवळ सगळीकडे नावाविना आहेत; मालकाच्या नावाखाली फक्त वय, लिंग आणि रंग. त्या माणसांची नावं सरसकट पहिल्यांदा येतात ती 1870 ला. ऑरेगनमधल्या ज्या कालापुया लोकांच्या विलामेट खोऱ्यात हे 640 एकर वाटले गेले, त्यांच्यासारख्या कर न भरणाऱ्या आदिवासींना तर त्या काळी मोजणीतून वगळलंच होतं. अशा घरांसाठी निर्णय वेगळा. तोंडी आठवणींना पहिला मान द्यावा आणि कागद म्हणून मालकाच्या मृत्युपत्रातल्या याद्या किंवा आदिवासींच्या 1885 पासूनच्या स्वतंत्र गणनायाद्या पाहाव्यात.

सुरुवात करणाऱ्याने आता काय करावं? 1850 चा नियम वाचायचा क्रम ठरवतो; फोन करायचा क्रम नाही. तक्ते पुढच्या वर्षीही तिथेच असतील, पण व्याह्यांच्या सर्वांत वयस्कर काकू किंवा आत्यांकडचं बायबल घर आवरताना कुठे जाईल, सांगता येत नाही. म्हणून आधी त्यांना विचारून पानांचे फोटो काढून ठेवावेत. मग 1900 चा तक्ता काढावा आणि तिथून 1880, 1870, 1860, 1850 असं एकेक पायरी मागे जावं. प्रत्येक वेळी मूळ पानाची प्रतिमा उघडावी, कारण सूचीत आडनावं वारंवार चुकीची वाचलेली असतात, आणि वरची-खालची दहा घरंही वाचावीत. पश्चिमेकडे लोक एकटे क्वचितच गेले. बायकोचे भाऊ, मेहुणे, जुने शेजारी सोबत असत, आणि आईचं माहेरचं आडनाव पुष्कळदा दोन घरं सोडून पलीकडे लिहिलेलं सापडतं. 1850 ते 1880 च्या खानेसुमाऱ्यांना जोडलेल्या मृत्युनोंदींच्या याद्याही सोडू नयेत. आदल्या बारा महिन्यांत वारलेली माणसं, कारणासकट, त्यात आहेत. वर्गणी भरून घ्यायचं अँसेस्ट्री हे वंशावळीचं संकेतस्थळ तूर्तास थांबवलं तरी चालेल. अमेरिकेतल्या अनेक सार्वजनिक ग्रंथालयांत ते वाचकांना फुकट वापरता येतं.