ईमची जिओकॅशिंग फेरी: डबे ठीकठाक, रस्ता भारी

स्पेलिंग बघून आम्ही घरी 'एयाम एयाम' करत होतो, तिकडे गेल्यावर कळलं सगळे नुसतं 'ईम' म्हणतात. डर्बीशायरमध्ये, पीक डिस्ट्रिक्टात, शेफिल्डहून गाडीने साधारण पाऊण तास. जिओकॅशिंग म्हणजे ॲपवर लोकेशन बघत लपवलेले डबे शोधायचे, आतल्या चिठोऱ्यावर नाव टाकायचं आणि डबा होता तिथेच परत, बस. पोरं नुसतं 'चला चालायला' म्हटलं तर जागची हलत नाहीत, डबा म्हटलं की पळतात, म्हणून हा खटाटोप.

पण हे गाव म्हणजे प्लेगचं गाव. १६६५ ला लंडनहून शिंप्याकडे कापड आलं, त्यातून पिसवा आल्या म्हणतात, त्याच्याकडे कामाला असलेला जॉर्ज व्हिकर्स पहिला गेला आणि पुढच्या वर्षी मॉम्पेसन नावाच्या पाद्र्याचं ऐकून गावाने स्वतःलाच कोंडून घेतलं. आपल्याला प्लेग म्हटलं की १८९७ चं पुणं आणि रँड आठवतो, घरात घुसून तपासण्या वगैरे, इथे लोकांनी आपण होऊन दार लावलं, तुलना करू नये पण चालताना तेच डोक्यात घोळत होतं.

सुरुवातीचं कोडं चर्चजवळ, सूर्यघड्याळावरचं १७७५ साल घेऊन त्या आकड्यांची बेरीज-वजाबाकी करत पुढचं लोकेशन काढायचं, हे मस्त जमलंय, नाहीतर ते घड्याळ आम्ही बघितलंसुद्धा नसतं. मग शेतातून शेजारच्या स्टोनी मिडलटन गावाच्या बाजूला बाउंड्री स्टोन, म्हणजे हद्दीचा दगड. दगडात भोकं आहेत, त्यात व्हिनेगर भरून गावकरी पैसे ठेवायचे आणि बाहेरचे लोक सामान ठेवून जायचे, रोग पसरू नये म्हणून. लोक अजूनही तिथे नाणी टाकतात. धाकटीने पर्समधलं एक रुपयाचं टाकलं, पेनी दे म्हटलं तर ऐकेना.

रायली नावाच्या शेतातल्या थडग्यांपाशी मात्र खेळ बंद. एलिझाबेथ हॅनकॉकने १६६६ च्या ऑगस्टमध्ये आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं पुरली, स्वतःच्या हाताने. छोटंसं दगडी कुंपण, आजूबाजूला नुसतं हिरवं शेत. थोरला मुलगा फोन खिशात ठेवून गप्प उभा होता, मीही काही बोलले नाही.

तिथून मॉम्पेसनच्या विहिरीकडे चढ आहे, दम लागतो. नावाला विहीर, प्रत्यक्षात दगडात बांधलेला छोटा झरा, इथेही बाहेरून अन्न आणून ठेवायचे.

आता तक्रारी. बरेचसे डबे फिल्मच्या डबीएवढे, तीन ठिकाणी आतला कागद भिजून लगदा, सही करायची कशावर? एक तर सापडलाच नाही, अर्धा तास भिंतीचे दगड चाचपले, येणारेजाणारे बघतायत, शेवटी 'सापडला नाही' असं नोंदवून टाकलं. ज्याने लावलेत त्याने वर्षातून एकदा तरी चक्कर मारावी. काही डबे पैसे भरलेल्या मेंबरांनाच दिसतात, तेही आधी बघून घ्या.

बाबागाडी अजिबात नको, कुंपणाच्या पायऱ्या चढून उतरायला लागतात आणि चिखल आहे. पेन्सिल स्वतःची न्या, डब्यात मावत नाही. गाडी म्युझियमसमोर लावली, म्युझियमच्या छतावर वाऱ्याची दिशा दाखवायला कोंबड्याऐवजी उंदीर आहे, पोरांना सगळ्यात जास्त आवडलं ते तेच.

पाचपैकी चार. एक त्या लगद्याचा कापला.