मंडळीत शेवटच्या काळावरचा कोणता चित्रपट दाखवावा?

चर्चच्या तरुण संघाच्या शिबिराची आखणी सुरू झाली की हा प्रश्न हमखास निघतो: प्रभूच्या पुनरागमनावरचा एखादा चित्रपट दाखवायचा का, आणि दाखवायचा तर कोणता? नावं तीनच पुढे येतात. 1972 चा 'अ थीफ इन द नाइट', 2000 चा कर्क कॅमेरॉनचा 'लेफ्ट बिहाइंड' आणि 2014 चा निकोलस केजचा 'लेफ्ट बिहाइंड'. तिन्ही अमेरिकी मंडळ्यांना समोर ठेवून बनलेले, पण प्रेक्षकांवर होणारा परिणाम तिघांचा अगदी वेगळा.

निवड करण्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्यावी. या तिन्ही चित्रपटांमागे पवित्र शास्त्राचं एकच वाचन आहे: आधी विश्वासी लोक अचानक स्वर्गात उचलले जातील (यालाच 'रॅप्चर' म्हणतात), मग ख्रिस्तविरोधकाच्या अमलाखाली महासंकटाची सात वर्षं, आणि त्यानंतर ख्रिस्त सर्वांसमक्ष येईल. ही मांडणी 1830 च्या दशकात ब्रदरन पंथाच्या जॉन नेल्सन डार्बी या उपदेशकाने रुजवली आणि 1909 च्या स्कोफील्ड बायबलच्या टिपांमधून ती अमेरिकेत घरोघरी पोचली. पेंटेकॉस्टल आणि ब्रदरन मंडळ्यांत ती ओळखीची आहे. वसईच्या किंवा गोव्याच्या कॅथलिक तरुणांना मात्र ती नवी वाटते. कॅथलिक धर्मशिक्षण (परिच्छेद 675) सांगतं की ख्रिस्ताच्या आगमनाआधी चर्चला एका अखेरच्या कसोटीतून जावं लागेल. त्या कसोटीतून आधीच सुटका होण्याची गोष्ट तिथे नाही. तेव्हा 'आपले फादर हे कधी का बोलले नाहीत?' असं कुणी विचारलं तर काय सांगायचं, ते ठरवूनच प्रोजेक्टर लावावा. चित्रपटातला घटनाक्रम म्हणजे जणू शास्त्राचं थेट चित्रण, अशी समजूत करून देणं चुकीचं आहे.

परिणामाच्या बाबतीत 1972 चा चित्रपट आजही सर्वांत जोरकस आहे. आयोवा राज्यातल्या डे मॉइनमध्ये रसेल डॉटन आणि दिग्दर्शक डोनाल्ड थॉम्पसन यांनी तो सुमारे 68 हजार डॉलरमध्ये केला. लांबी 69 मिनिटं. थिएटरपेक्षा तो 16 मिलिमीटरच्या रिळांतून चर्चच्या हॉलमध्ये, शिबिरांत आणि युवक मेळाव्यांत जास्त फिरला. अभिनय कच्चा आहे, कपडे आणि केशरचना जुनाट आहेत, आणि आजची कॉलेजातली मुलं पहिली दहा मिनिटं हसतात. ते हसणं पुढे थांबतं, आणि त्याचं कारण पटकथेत आहे. नायिका पॅटी दुष्ट नाही. ती चर्चला जाते, अधूनमधून बायबल उघडते आणि स्वतःला चांगली ख्रिस्ती समजते. म्हणजे हॉलमध्ये बसलेल्या बहुतेकांसारखीच. एका सकाळी ती उठते तर नवरा नाही, बेसिनमध्ये त्याचं इलेक्ट्रिक रेझर तसंच चालू पडलंय आणि रेडिओवर लाखो लोक नाहीसे झाल्याची बातमी. स्पेशल इफेक्ट म्हणावा असं काहीच नाही. एक रेझर आणि एक आवाज. शेवटी हे सगळं स्वप्न होतं असं कळतं, सुटकेचा श्वास घ्यावा तोच तो रेडिओ आणि ते रेझर खरोखर समोर येतं.

हाच क्षण दाखवणाऱ्यांच्या फार उपयोगी पडला. चित्रपट संपताच दिवे न लावता लोकांना ख्रिस्ताला स्वीकारण्यासाठी पुढे येण्याचं आवाहन करायचं आणि मुलांनी रडत पुढे यायचं, ही त्या काळची ठरलेली पद्धत होती. तिचं दुसरं टोकही माहीत असलेलं बरं. लहानपणी हा चित्रपट पाहिलेल्या अनेक अमेरिकनांनी मोठेपणी लिहून ठेवलं आहे की शाळेतून घरी यावं, आई घरात नसावी आणि पोटात गोळा यावा: सगळे वर गेले, मी एकटाच राहिलो. ही भीती कित्येकांना वर्षानुवर्षं पुरली. भीतीने घेतलेला निर्णय भीती ओसरली की टिकतो का, हे मंडळीत तरुणांबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला विचारायला हवं. बारा वर्षांखालच्या मुलांना हा चित्रपट दाखवूच नये. त्याच्या पुढच्या भागांत तर ख्रिस्तविरोधकाची खूण अंगावर न घेणाऱ्यांना गिलोटिनखाली नेतात. ते शिबिरात आणूच नयेत.

'खूण' म्हटलं की आणखी एक अडचण उभी राहते. प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकात ख्रिस्तविरोधकाला श्वापद म्हटलं आहे आणि त्याचा आकडा 666 दिला आहे. या चित्रपटात श्वापदाची खूण म्हणजे शून्य-एकचे आकडे, 0110 तीनदा. संगणकाच्या भाषेत 0110 म्हणजे सहा, म्हणून 666. त्या काळी लोकांना संगणकाची धास्ती होती, ती इथे पडद्यावर आली. आपल्याकडे दिवे लागले की पहिला हात वर होतो तो बारकोड, आधार किंवा लशीबद्दल विचारायला, आणि चर्चा तिथेच अडकते. चित्रपट सुरू करण्याआधीच प्रकटीकरण 13:16-17 वाचून घ्यावं. त्याच अध्यायात खुणेच्या आधी श्वापदाला नमन करण्याची गोष्ट येते, आणि पुढच्याच अध्यायात (14:9) उपासना आणि खूण एकत्रच सांगितली आहेत. मुद्दा निष्ठा कुणाला द्यायची हा आहे, कार्डाचा नाही. एवढं आधी झालं तर चर्चा भरकटत नाही.

2000 चा 'लेफ्ट बिहाइंड' भीतीऐवजी कथानकावर चालतो. टिम लाहे आणि जेरी जेन्किन्स यांच्या 1995 च्या कादंबरीवरून क्लाउड टेन या कॅनडातल्या कंपनीने तो बनवला. 31 ऑक्टोबर 2000 ला आधी व्हिडिओ आला आणि थिएटरमध्ये तो 2 फेब्रुवारी 2001 ला लागला. अंदाज असा होता की घरी पाहिलेले लोक शेजाऱ्यांना घेऊन थिएटरात येतील. प्रत्यक्षात थिएटरची कमाई 42 लाख डॉलरच्या आसपास थांबली. विश्वासी लोकांनी घरी पाहिला होता आणि बाकीच्यांना त्यात रस नव्हता. खुद्द लाहे यांनाही चित्रपट पसंत पडला नाही. प्रकरण कोर्टात गेलं.

तरीही तरुण संघासाठी तिघांत हाच सर्वांत सोयीचा. इस्राएलवरचा हल्ला, संयुक्त राष्ट्रसंघात चढत जाणारा ख्रिस्तविरोधक निकोलाय कार्पेथिया, बातमीदार बक: ज्यांनी प्रकटीकरण कधी वाचलं नाही त्यांनाही या शिकवणीचा सांगाडा कळतो. त्यातला जपून ठेवावा असा प्रसंग मात्र वेगळाच आहे. मागे राहिलेला पाळक ब्रूस बार्न्स रिकाम्या चर्चमध्ये देवाशी बोलतो. वर्षानुवर्षं उपदेश केला, पण स्वतः विश्वास ठेवला नाही, हे त्याला तिथे उमगतं. क्लॅरेन्स गिलयार्डने तो मनापासून केला आहे. वेळ कमी असेल तर चर्चेला एवढा एक प्रसंग पुरतो.

2014 च्या चित्रपटाबद्दल थोडक्यात. दीड कोटी डॉलरच्या वर खर्च, मोठा नट, स्टंटमध्ये हयात गेलेला दिग्दर्शक व्हिक आर्मस्ट्राँग. निम्म्याहून अधिक वेळ न्यूयॉर्कहून लंडनला निघालेल्या विमानात जातो. ख्रिस्तविरोधक नाही, शास्त्रवचन नावापुरतं. समीक्षकांनी एकमुखाने धुतला, आणि 'क्रिश्चॅनिटी टुडे' या ख्रिस्ती मासिकाच्या परीक्षणाने तर तो ख्रिस्ती चित्रपटच नाही असं म्हटलं. सर्वांना चालेल असा करायला गेले आणि मंडळीच हातची गेली. अमेरिकेत सुमारे 1 कोटी 40 लाख डॉलर मिळाले. नेमका उलटा अनुभव शेवटच्या काळावरच्याच 1999 च्या 'द ओमेगा कोड' या चित्रपटाचा: ट्रिनिटी ब्रॉडकास्टिंग नेटवर्क या ख्रिस्ती दूरचित्रवाणी वाहिनीने आपल्याच प्रेक्षकांना हाक दिली आणि जेमतेम 300 थिएटरांत लागूनही तो पहिल्या आठवड्यात अमेरिकेच्या पहिल्या दहांत आला. म्हणून चित्रपट चांगला होता असं नाही. मंडळी एकजुटीने आली होती.

पाळकांच्या अभ्यासवर्गासाठी किंवा धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी चौथं नाव सुचवावंसं वाटतं: मायकेल टॉल्किनचा 1991 चा 'द रॅप्चर'. हा मंडळीने केलेला चित्रपट नाही. त्यात उघड लैंगिक दृश्यं आहेत आणि एक आई स्वर्गाच्या आशेने आपल्या मुलीचा जीव घेते. तो फक्त प्रौढांसाठी, तेही आधी पूर्ण कल्पना देऊन. विश्वासी प्रेक्षक त्याच्या शेवटाने अस्वस्थ होतात, तर अविश्वासी प्रेक्षक गोंधळतात, कारण रॅप्चर त्यात खरोखर घडतं. देवावर प्रेम करायला कुणाला भाग पाडता येतं का, हा प्रश्न बाकी तिघांपैकी कुणी विचारलेला नाही.

तयारीचं थोडं. घरी पाहायला घेतलेली डीव्हीडी किंवा ऑनलाइन वर्गणी सार्वजनिक खेळासाठी चालत नाही. हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची लेखी परवानगी घ्यावी, आणि मराठी सबटायटल स्वतः तयार करणार असाल तर तिचाही उल्लेख त्यात असावा. सबटायटलची फाइल यूटीएफ-8 मध्ये सेव्ह करावी, नाहीतर देवनागरीच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्हं दिसतात. काही जुन्या प्रोजेक्टरना यूएसबीवरून जोडाक्षरं नीट दाखवता येत नाहीत. अशा वेळी लॅपटॉपवरून चालवावं. एका वेळी दोनच ओळी, मागच्या रांगेतून वाचता येतील एवढ्या मोठ्या.

चित्रपट संपला की दिवे लगेच लावावेत, चहा द्यावा आणि किमान पंधरा मिनिटं जाऊ द्यावीत. मग चाळीस मिनिटं चर्चा. आवाहन करायचंच असेल तर ते दुसऱ्या दिवशीच्या उपासनेत करावं. चर्चेची सुरुवात मत्तय 24:36 ने करावी (तो दिवस आणि ती घटका कुणालाच ठाऊक नाही), म्हणजे तारखा काढणाऱ्यांना तिथेच उत्तर मिळतं. दोन्ही 'लेफ्ट बिहाइंड'मध्ये लहान मुलं सगळीच नाहीशी होतात, त्यामुळे मोठ्या मुलांकडून 'कितव्या वर्षापर्यंत?' हा प्रश्न येणारच. त्याचं उत्तर देणारी जबाबदार व्यक्ती आधीच ठरलेली असावी, आणि रात्री झोपायला घाबरणाऱ्या मुलाशेजारी बसणारीही.