पीडीएफ उघडते, पण त्यातलं सापडतं का? मराठी कार्यालयासाठी सॉफ्टवेअरची तुलना

कार्यालयात आलेलं कुठलंही मराठी परिपत्रक अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये उघडा, कंट्रोल-एफ दाबा आणि समोर ढळढळीत दिसणारा एखादा शब्द शोधा, समजा 'निवृत्तिवेतन'. बऱ्याचदा उत्तर येतं की शब्द सापडला नाही. पीडीएफ सॉफ्टवेअरच्या जाहिराती पानं जोडणं, तोडणं, दाबून लहान करणं यांच्या याद्या देतात. ती कामं आता फुकटातली सॉफ्टवेअरंही नीट करतात. मराठी कागदांवर चालणाऱ्या कार्यालयात घोडं अडतं ते तीन ठिकाणी: मजकूर शोधता येणं, डिजिटल सही शाबूत राहणं आणि झाकलेली माहिती खरोखर नाहीशी होणं. इथली तुलना त्याच क्रमाने केली आहे.

शोध का लागत नाही ते नोटपॅडमध्ये एका मिनिटात कळतं. पीडीएफमधली एक ओळ निवडून तिथे चिकटवा. काहीच निवडलं जात नसेल तर ते पान म्हणजे नुसतं चित्र, स्कॅन केलेलं. रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी उमटली तर मजकूर श्री-लिपी, डीव्हीबी-टीटी सुरेख अशा जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला आहे: पडद्यावर मराठी दिसतं, पोटात मात्र 'क'च्या जागी भलतंच रोमन अक्षर बसलेलं असतं. आणि मराठीच उमटली, पण वेलांट्या भलत्या अक्षराला चिकटल्या, जोडाक्षरं फुटली, तर मूळ फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला ठरलेला स्वतःचा संकेत असलेल्या आजच्या पद्धतीत होती आणि पीडीएफ करताना बिघडली. पीडीएफ अक्षरं साठवत नाही, त्यांच्या आकृत्या आणि जागा साठवते. पहिली वेलांटी दिसते व्यंजनाच्या आधी आणि युनिकोडमध्ये येते त्याच्या नंतर, त्यामुळे आकृतीवरून अक्षराकडे परतताना गफलत होते.

तिसऱ्या प्रकाराला उपाय सोपा आहे आणि फुकटही. वर्डमधून 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' हा प्रिंटर निवडण्याऐवजी 'सेव्ह अ‍ॅज'मधून पीडीएफ करा आणि 'ऑप्शन्स'मध्ये डॉक्युमेंट स्ट्रक्चर टॅग्जची खूण ठेवा. लिब्रेऑफिसमध्ये 'एक्सपोर्ट अ‍ॅज पीडीएफ'च्या खिडकीत टॅग्ड पीडीएफचा पर्याय असतो. शिवाय तिथे 'हायब्रिड पीडीएफ' नावाची एक छान सोय आहे: मूळ ओडीएफ (लिब्रेऑफिसच्या स्वतःच्या प्रकारातली) फाइल पीडीएफच्या पोटातच जाते आणि सहा महिन्यांनी तेच पत्र दुरुस्त करायचं झालं की लिब्रेऑफिसमध्ये जसंच्या तसं उघडतं. ही सोय फार थोडे लोक वापरतात.

पहिल्या दोन प्रकारांना ओसीआर लागतो, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणं. मराठीसाठी फुकटातला भरवशाचा घोडा म्हणजे टेसरॅक्ट हे ओसीआरचं सॉफ्टवेअर. त्याची मराठी भाषेची वेगळी फाइल मिळते, तीच घ्यावी. 'देवनागरी ती देवनागरी' म्हणून हिंदीवर भागवलं तर 'दुसऱ्या', 'कोऱ्या' यांतला ऱ्य आणि जागोजागचा ळ मार खातो. मराठी-इंग्रजी मिसळलेल्या पत्रांसाठी दोन्ही भाषा एकत्र लावता येतात, पण मग मराठी १ आणि इंग्रजी 9 यांत घोळ होतो. म्हणून ओसीआरमधून आलेल्या रकमा आणि गट क्रमांक डोळ्यांनी तपासल्याशिवाय पुढे पाठवू नयेत.

टेसरॅक्ट वापरायचा सोयीचा मार्ग म्हणजे एनएपीएस-टू हे स्कॅनिंगचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं, आणि स्कॅनरबरोबर येणाऱ्या अवजड सॉफ्टवेअरपेक्षा कितीतरी सुटसुटीत आहे. ओसीआरच्या खिडकीतून मराठी भाषा उतरवून घ्यायची, प्रोफाइलमध्ये ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) आणि ग्रेस्केल (करड्या छटा) ठेवायचं. एफोर पान ३०० डीपीआयला २४८० बाय ३५०८ ठिपक्यांचं होतं. न दाबता ठेवलं तर रंगीत पान साधारण २६ एमबी, ग्रेस्केल पावणेनऊ, निव्वळ काळं-पांढरं एक एमबीच्या आसपास. फाइल लहान व्हावी म्हणून काळं-पांढरं निवडायचा मोह होतो, पण झेरॉक्सच्या झेरॉक्सवर पुसट झालेला अनुस्वार तिथेच गळतो, आणि 'नदी'ची 'नंदी' होवो न होवो, 'खंड' मात्र 'खड' होतो.

कागद आपोआप ओढणाऱ्या, पण एकच बाजू वाचणाऱ्या फीडरवर दोन्ही बाजूंचे कागद स्कॅन करायचे असतील तर आधी सगळ्या पुढच्या बाजू घ्या, गठ्ठा पालथा करून मागच्या बाजू घ्या, आणि 'रीऑर्डर'मधून 'ऑल्टरनेट इंटरलीव्ह' चालवा. पानं १, २, ३ अशी लागतात. मागच्या बाजू उलट क्रमाने आल्या आहेत हे तो पर्याय धरून चालतो, साधा 'इंटरलीव्ह' धरत नाही. गठ्ठ्यात दोन पानं एकदम ओढली गेली, बहुधा स्टेपलची पिन राहिल्याने, तर त्यापुढची सगळी जोडी चुकते. तेव्हा दोन्ही फेऱ्यांची पानं मोजून मगच जुळवा.

दाबण्याबद्दल एक सावधगिरी. २०१३ मध्ये झेरॉक्सच्या काही वर्कसेंटर यंत्रांत उघड झालं की स्कॅन केलेल्या कागदांवरचे आकडेच बदलत होते, ६ च्या जागी ८ येत होता. कारण होतं जेबिग-टू दाबणी: सारखी दिसणारी दोन चिन्हं एकच समजून एकाचंच चित्र दोन्हीकडे वापरलं जात होतं. कंपनीने पुढे दुरुस्ती दिली, पण हिशेबाच्या कागदांना कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये 'लॉसी जेबिग-टू' (तपशील गमावणारी दाबणी) लावू नये हा धडा कायमचा आहे.

जुन्या साठ्यावर घाऊक ओसीआर करायचा तर ओसीआरमायपीडीएफ. हे काळ्या खिडकीत आज्ञा टंकून चालतं, त्यामुळे संगणकाची जाण असलेला एक माणूस लागतो. सांगितलं तर ते वाकडी पानं सरळ करतं आणि फाइलीचा प्रकार सांगितला नाही तर पीडीएफ-ए म्हणजे दीर्घकाळ जपायच्या प्रकारात फाइल देतं. इथे एक खाच आहे. आधीच मजकूर असलेली पानं सोडून दे असा पर्याय सगळे लावतात. श्री-लिपीची पानं मग तशीच राहतात, कारण सॉफ्टवेअरच्या लेखी त्यांत मजकूर आहेच, रोमन खिचडीचा का असेना. अशा फाइलींसाठी 'फोर्स ओसीआर' हवा. तो पानाचं आधी चित्र करतो, मग वाचतो. फाइल फुगते, पण शब्द सापडतो. पैसे देऊन घ्यायच्या कुठल्याही पीडीएफ संपादकात (एडिटरमध्ये) ओसीआर आहे असं लिहिलेलं असेल तर त्याच्या भाषांच्या यादीत मराठी आहे का, एवढंच आधी बघा. चाचणी आवृत्तीत दहा पानं वाचवून बघितल्याशिवाय खरेदीचा कागद पुढे सरकवू नये.

आता संपादक. अ‍ॅक्रोबॅट रीडर फुकट आहे आणि डिजिटल सही करणं, तपासणं ही दोन्ही कामं त्यात होतात. नुसत्या सहीसाठी प्रो आवृत्ती घेऊ नका. पीडीएफ-एक्सचेंज एडिटर एकरकमी परवान्यावर मिळतो, वर्गणी नाही. त्याची फुकट आवृत्ती बरंच काही करू देते, फक्त परवान्यातलं एखादं साधन वापरलंत की पानाच्या कोपऱ्यात शिक्का उमटतो. मोठ्या साहेबांकडे गेलेल्या पत्रावर तो दिसला की मग धावपळ. रोज पानं जोडायची-तोडायची एवढंच काम असेल तर पीडीएफसॅम बेसिक पुरेसं आहे. सुमात्रा पीडीएफ जुन्या संगणकावरही चटकन उघडतं, पण ते सही तपासत नाही. सह्यांचं काम असलेल्या टेबलावर ते ठेवू नये.

आणि मराठी मजकूर पीडीएफमध्येच दुरुस्त करायचा हट्ट कुणीही धरू नये. पीडीएफमध्ये सहसा फॉन्टचा वापरलेला तेवढाच तुकडा असतो. 'पाटील'चं 'पाटीलांचे' करायला गेलात आणि तो अनुस्वार मूळ तुकड्यात नसला की तेवढंच अक्षर भलत्या फॉन्टमध्ये येतं. मूळ वर्ड फाइल शोधा, नसेल तर तो परिच्छेद नव्याने टंका.

सहीचं प्रकरण सविस्तर सांगायलाच हवं. जीएसटी नोंदणीचं प्रमाणपत्र किंवा ई-आधार उघडलं की पिवळं प्रश्नचिन्ह दिसतं आणि लोक समजतात कागद खोटा. खरं तर रीडरला भारतातल्या मूळ प्रमाणपत्राची ओळख नसते. सहीवर उजवी कळ, 'शो सिग्नेचर प्रॉपर्टीज', मग 'शो सायनर्स सर्टिफिकेट', डावीकडच्या यादीत सगळ्यात वरचं सीसीए इंडियाचं (डिजिटल प्रमाणपत्रांवर देखरेख करणाऱ्या सरकारी नियंत्रकाचं) प्रमाणपत्र निवडा, 'ट्रस्ट'मध्ये जाऊन 'अ‍ॅड टू ट्रस्टेड सर्टिफिकेट्स', आणि ते मूळ प्रमाणपत्र म्हणून वापरण्याची खूण करा. पुन्हा तपासलं की हिरवी बरोबरची खूण येते. यादीत खालचं, म्हणजे सही करणाऱ्याचंच प्रमाणपत्र निवडलंत तर तेवढी एक सही हिरवी होते आणि पुढच्या खात्याचा कागद आला की परत तेच. क्रोममध्ये उघडलेल्या फाइलीत प्रश्नचिन्ह तसंच राहतं, कारण क्रोम सही तपासतच नाही. तिथून छापील प्रत काढली की प्रश्नचिन्हासकट छापली जाते आणि बँकेच्या खिडकीवर वाद होतो.

सही झालेल्या फाइलीला नंतर काहीही केलं, म्हणजे दुसऱ्या फाइलीला जोडली, दाबली, ओसीआर केला, की सही गेली. ओसीआरमायपीडीएफ निदान अशी फाइल घ्यायला नकार देतं, बाकीची बहुतेक सॉफ्टवेअरं मुकाट्याने सही उडवतात. म्हणून क्रम पक्का ठेवा: आधी पानं जोडा, मग ओसीआर, मग दाबणी, सही सगळ्यात शेवटी. सही झालेली फाइल दुसऱ्या पत्रासोबत पाठवायची तर त्या पत्राच्या पीडीएफमध्ये जोडपत्र (अ‍ॅटॅचमेंट) म्हणून आत घाला, पानं मिसळू नका. सहीचं चित्र चिकटवणं म्हणजे डिजिटल सही नव्हे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधली डिजिटल सही प्रमाणपत्राने होते, ते सहसा पेनड्राइव्हसारख्या टोकनमध्ये असतं, आणि १ जानेवारी २०२१ पासून क्लास २ प्रकारचं प्रमाणपत्र बंद होऊन त्याऐवजी क्लास ३ मिळतं.

झाकण्याबद्दल थोडक्यात, पण हे चुकलं तर सगळ्यात महागात पडतं. आधार क्रमांकावर काळा चौकोन काढला की तो झाकला जातो, पुसला जात नाही. खालचा मजकूर निवडून नोटपॅडमध्ये चिकटवला की बाराच्या बारा अंक हजर. स्कॅनच्या बाबतीत आणखी फसगत: चित्रावर काळं फासलं तरी ओसीआरचा अदृश्य थर खाली तसाच असतो. अ‍ॅक्रोबॅट प्रो आणि परवान्यातलं पीडीएफ-एक्सचेंज यांत 'रिडॅक्ट' आहे. ते दोन टप्प्यांत चालतं, आधी खूण, मग 'अप्लाय'. दुसरा टप्पा विसरलात तर काहीच गेलेलं नसतं. फुकटात करायचं तर चौकोन काढून पान चित्रात बदला, त्या चित्राची नवी पीडीएफ करा, मग हवा तर ओसीआर.

फुकट ऑनलाइन सेवांवर पगारपत्रकं आणि पॅनकार्डं चढवणं बंद करायचं असेल तर माणसांना पर्याय द्यावा लागतो. कार्यालयातल्याच एका संगणकावर स्टर्लिंग पीडीएफ बसवलं की सगळ्यांना ब्राउझरमध्ये तशीच साधनं मिळतात आणि फाइल इमारतीबाहेर जात नाही. मराठी ओसीआरसाठी टेसरॅक्टची मराठी फाइल त्यात वेगळी घालावी लागते.

दस्तऐवज व्यवस्थापन ही निराळी खरेदी आहे, संपादकाबरोबर तिची गाठ मारू नका. पाच-सात माणसांच्या कार्यालयात सामायिक फोल्डर आणि नावं देण्याची शिस्त एवढ्यावर बरीच वर्षं निघतात: वर्ष-महिना-दिवस, आवक क्रमांक, पक्षकार, विषय. फाइलीचं नाव देवनागरीत ठेवायला हरकत नाही, पण वेब पत्त्यात प्रत्येक देवनागरी चिन्हाची नऊ रोमन चिन्हं होतात, आणि काना-मात्राही वेगळं चिन्ह धरलं जातं. लांबलचक नावाचा दुवा ईमेलमध्ये मधेच तुटतो. विंडोजमधली २६० चिन्हांची मर्यादाही फोल्डरात फोल्डर करत गेलं की अचानक आडवी येते, तेव्हा विषय तीन शब्दांत बसवा.

गुगल ड्राइव्ह घेणार असाल तर दोन गोष्टी. पीडीएफच्या जुन्या आवृत्त्या ३० दिवसांनी किंवा १०० आवृत्त्यांनंतर जाऊ शकतात, 'कीप फॉरएव्हर'ची खूण केली नाही तर. आणि साध्या खात्यातली फाइल ती चढवणाऱ्या माणसाच्या मालकीची असते, कारकून सोडून गेला की खातं बंद आणि फाइली अधांतरी. म्हणून गुगल वर्कस्पेस या कार्यालयांसाठीच्या सेवेच्या ज्या योजनेत शेअर्ड ड्राइव्ह आहे तीच घ्या, तिथल्या फाइली कार्यालयाच्या मालकीच्या राहतात. मायक्रोसॉफ्टच्या शेअरपॉइंटमध्ये आवृत्त्यांचा हिशेब जास्त चोख आहे, परवानग्या मात्र एका माणसाने लावून द्याव्या लागतात, नाहीतर प्रत्येक फोल्डरला वेगळी कुलपं लागतात आणि चावी कुणाकडे ते कुणालाच आठवत नाही.

कागदी दप्तर डिजिटल करायचं असेल तर पेपरलेस-एनजीएक्स पाहण्यासारखं आहे. फुकट आहे, डॉकरवर (सॉफ्टवेअर स्वतंत्र डब्यात चालवणाऱ्या यंत्रणेवर) बसतं. ठरलेल्या एका फोल्डरात स्कॅन टाकला की ते उचलतं, ओसीआर करतं, मूळ फाइल वेगळी जपतं आणि शोधण्यासाठी पीडीएफ-ए प्रत करतं. मूळ प्रत राहते म्हणून सहीही राहते, फक्त उतरवताना 'ओरिजिनल' निवडायला शिकवा. कागदाला देता येणारा त्यातला अनुक्रमांक आवक क्रमांकासाठी चपखल बसतो: फाइलीवर तोच आकडा, कपाटातल्या गठ्ठ्यावर तोच. भाषा मात्र दोन ठिकाणी भरावी लागते, एकदा मराठी बसवण्यासाठी आणि एकदा वापरण्यासाठी. दुसरी विसरली की सगळे कागद इंग्रजीत वाचले जातात. टिपणी लिहून फाइल एका टेबलावरून दुसऱ्यावर पाठवायची असेल तर हे त्याचं काम नव्हे. सरकारी कार्यालयांत त्यासाठी एनआयसीचं (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचं) ई-ऑफिस आहे.

किती वर्षं जपायचं हे सॉफ्टवेअरला नव्हे, तुम्हाला ठरवायचं आहे. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने, कंपनीची हिशेबपुस्तकं आठ आर्थिक वर्षं. सरकारी दप्तरात अ, ब, क, ड वर्गवारी असतेच, तिचंच लेबल डिजिटल फाइलीलाही लावा.

विक्रेता प्रात्यक्षिक द्यायला आला की त्याच्या नमुना फाइली बाजूला ठेवून तुमचे दहा कागद द्या: दोन श्री-लिपीतले, दोन पुसट झेरॉक्स, एक सही झालेलं जीएसटी प्रमाणपत्र, बाकी रोजचे. शोध घ्यायला लावा, आणि मग म्हणा, आता हे सगळं बाहेर काढून पेनड्राइव्हवर द्या. फोल्डर, नावं आणि आवक क्रमांकांसह बाहेर आलं तर पुढचं बोलणं. आकडी नावांच्या फाइलींचा ढीग हाती आला आणि कुठली फाइल कशाची हे फक्त त्याच्याच सॉफ्टवेअरला ठाऊक असलं, तर चहा पाजून परत पाठवा.