आठ महिने, एकच ऑर्डर: बनमस्का आणि चहा

जूनमध्ये आमचं ऑफिस ठाण्याहून फोर्टला हललं आणि डोंबिवलीकरांच्या नशिबी असतं तेच माझ्याही आलं. आठनंतरच्या फास्ट लोकलच्या लेडीज डब्यात चढणं म्हणजे युद्ध. त्यापेक्षा साडेसहाच्या सुमाराची गाडी बरी, निदान दोन पाय टेकवून उभं राहता येतं. पण मग आठला सीएसएमटीला उतरायचं आणि ऑफिस उघडणार साडेनऊला. मधल्या वेळात एकट्या बाईने मुंबईत बसायचं कुठे? देवळात किती दिवस बसणार?

म्हणून कॅफे धुंडाळायला लागले, बहुतेक जुने इराणी. नियम एकच: सगळीकडे बनमस्का (किंवा ब्रूनमस्का, म्हणजे कडक कवचाच्या पावाला मस्का) आणि चहा. पदार्थ बदलत राहिलं की तुलनाच होत नाही. वहीत तीन रकाने केले: खाणं, सर्व्हिस, वातावरण. महिन्याभरात चौथा करावा लागला, 'एकटीने बसता येतं का'. आता खरं सांगायचं तर मी फक्त तोच बघते.

सगळ्यात जास्त वेळा गेले धोबीतलावच्या कयानीत. स्टेशनवरून महापालिका मार्गाने किल्ला कोर्ट, झेवियर्स करत मेट्रो सिनेमापर्यंत चालत गेलं की समोर जेर महाल, त्याच्या खाली कयानी. १९०४ सालचं दुकान, म्हणजे मेट्रो सिनेमापेक्षाही चौतीस वर्षांनी मोठं. आत वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, चौकड्यांचे टेबलक्लॉथ, काचेच्या बरण्यांत बिस्किटं. फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात, त्याबद्दल लिहीत नाही.

लिहायचंय ते मस्क्याबद्दल. फ्रिजमधून काढलेला मस्का बनवर थापला की बन फाटतो आणि लोण्याचे गोळे दाताखाली येतात. बाहेर ठेवलेला असला की तो बनात मुरतो. जून ते सप्टेंबर बहुतेक ठिकाणी मस्का छान लागायचा. ऑक्टोबर हीटमध्ये निम्म्या ठिकाणी तो फ्रिजमध्ये गेला आणि माझे मार्क घसरले. एकदाच जाऊन 'अप्रतिम!' किंवा 'ओव्हररेटेड' लिहिणाऱ्यांना हे कळणारच नाही. वेळेचाही फरक पडतो. सकाळी आठचा ब्रून कवच फोडावं तसा कडकडतो, अकराला त्याचं चामडं झालेलं असतं. कावसजी पटेल स्ट्रीटवरच्या याझदानी बेकरीत ब्रून खाल्ला तेव्हा पहिल्यांदा कळलं की तो चावायचा नसतो, चहात बुडवून शरण आणायचा असतो. चहा 'पानी कम', म्हणजे दाट, सांगावा. नाही सांगितला तरी बिघडत नाही, पण सांगितलं की वेटर तुम्हाला नवखं समजत नाही.

सर्व्हिसच्या रकान्यात पहिल्या महिन्यात इराण्यांना सरसकट पाचपैकी दोन दिले होते. हसत नाहीत, वेलकम नाही, मेन्यू आपटतात. नंतर तेच दोनाचे चार केले. कारण कोणी येऊन 'एव्हरीथिंग ओके मॅम?' विचारत नाही. कप रिकामा झाल्यावर टेबल पुसायच्या निमित्ताने उठवत नाहीत, निदान नऊपर्यंत तरी. काही ठिकाणी अजून वेटर बिलाचा आकडा टेबलापासूनच गल्ल्याकडे ओरडतो. माझ्या नावाने 'वो चष्मेवाली मॅडम' अशी हाक गेली तेव्हा आधी राग आला, नंतर सवय झाली.

आईला एकदा कयानीत घेऊन गेले होते. ती पक्की शाकाहारी. मावा केककडे हात गेला तेवढ्यात वेटर म्हणाला, "माताजी, इसमें अंडा है, खारी खाओ." न विचारता. आई अजून त्याचं नाव काढते. मावा केक मला एकटीला संपवावा लागला, त्याचं दुःख नाही.

आता तक्रारी. फोर्टातल्या एका जुन्या हॉटेलात (नाव घेत नाही) मी खाली बसले तर सांगण्यात आलं, "मॅडम, ऊपर फॅमिली में बैठो." इराण्यांकडे बायका-मुलांसाठी फॅमिली रूम असायची. त्या काळात त्यामुळेच बायकांना बाहेर चहा प्यायला मिळाला हे मान्य. पण वर पंखा बंद, खुर्च्या एकावर एक रचलेल्या, आणि हाक मारली तर ऐकायला कोणी नाही. मी खालीच बसले. चहा वीस मिनिटांनी आला, गार. तिथे परत गेले नाही. बाथरूमबद्दल मात्र सगळ्याच जुन्या ठिकाणांची एकत्र तक्रार करते. बायकांनी स्टेशनवरच आटपून जावं.

नव्या पद्धतीच्या कॅफेंतही चार-पाचदा गेले. कॉफी चांगली असते, खोटं कशाला बोलू. एसी, वायफाय, स्वच्छ बाथरूम, आणि एकट्या बाईकडे कोणी ढुंकून बघत नाही. पण सकाळी साडेआठला ढणढण गाणी कोणासाठी? आणि एका ठिकाणी बिलात दहा टक्के सर्व्हिस चार्ज गुपचूप टाकलेला. काढा म्हटलं तर "सिस्टिममधून निघत नाही". हा चार्ज आपोआप लावू नये असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलंय आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने ते उचलून धरलं. मी फोन काढून १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर लावायला घेतला, आणि सिस्टिममधून निघाला.

बॅलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया माझ्या वेळेत बसत नाही, ते फक्त दुपारचं. एका शनिवारी नवऱ्याला घेऊन बेरी पुलाव खायला गेले. वरच्या त्या आंबट लाल बेरी इराणी पद्धतीच्या. भात सुरेख, खिशाला चटका. वर्षातून एकदा.

जायचं असेल तर कामाच्या दिवशी, नवाच्या आत जा. शनिवार-रविवारी खुर्चीपेक्षा फोटो काढणारे जास्त असतात आणि वेटरही वैतागलेले. सुट्टे पैसे ठेवा. मावा केक घरी न्यायचा असेल तर स्टीलचा डबा बरोबर घ्या. कागदी पुडा संध्याकाळच्या कल्याण लोकलमध्ये टिकत नाही, माझ्या दोन केकचा डोंबिवली येईपर्यंत चुरमा झालाय.