तेरा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक: चौदा महिन्यांचा वापर आणि दुरुस्तीचा हिशेब

मार्च २०१२ ची नोंदणी असलेली, १२०० सीसीच्या आतली पेट्रोल हॅचबॅक मी ऑगस्ट २०२४ मध्ये पुण्यात दुसऱ्या मालकाकडून २ लाख १० हजारांना घेतली, तेव्हा ती ७८ हजार किलोमीटर चालली होती. त्यानंतरच्या चौदा महिन्यांत ती आणखी ११,२०० किलोमीटर चालली. त्यातले निम्म्याहून अधिक पुणे-सातारा रस्त्यावर आणि उरलेले शहरातल्या गर्दीत. कंपनीचे आणि मॉडेलचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे लिहिलेले बहुतेक दोष वयाचे आणि आधीच्या मालकांच्या काटकसरीचे आहेत.

सर्वात मोठा धडा इंजिन थंड ठेवणाऱ्या यंत्रणेने दिला. या गाडीच्या डॅशबोर्डवर तापमानाचा काटा नाही. इंजिन थंड असताना निळा दिवा आणि जास्त तापल्यास लाल दिवा, एवढीच सोय आहे. हिवाळ्यात सकाळी निघाल्यावर तो निळा दिवा वीस-वीस मिनिटे विझत नसे आणि शहरात गाडी लिटरला जेमतेम ११ किलोमीटर देत असे. थंडी आहे, असे म्हणून मी त्याकडे दुर्लक्ष केले. मे महिन्यात साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाटात, ट्रकांच्या रांगेमागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढत असताना लाल दिवा लागला. एसी बंद करून, इंजिनाची उष्णता बाहेर पडावी म्हणून हीटर पूर्ण सोडला, जागा मिळताच गाडी बाजूला घेतली आणि बॉनेट उघडून पाऊण तास थांबलो. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडायचे नाही एवढे माहीत होते, म्हणून हात भाजला नाही.

साताऱ्यातल्या मिस्त्रींनी रेडिएटर उतरवला तेव्हा त्यातून हिरवे किंवा लाल कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) नव्हे, तर चहासारखे तांबूस पाणी निघाले. ॲल्युमिनियमच्या जाळीला वर-खाली प्लॅस्टिकच्या टाक्या दाबून बसवलेल्या असतात. तेरा वर्षांच्या उष्णतेने ते प्लॅस्टिक ठिसूळ होऊन सांध्याशी केसाएवढी चीर गेली होती. थर्मोस्टॅटची, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या व्हॉल्व्हची जागा तर चक्क रिकामी होती. पूर्वी कधीतरी गाडी तापली असावी आणि मूळ कारण शोधण्याऐवजी कोणीतरी तो व्हॉल्व्हच काढून टाकला असावा. थर्मोस्टॅट नसला की पाणी सतत रेडिएटरमधून फिरते, इंजिन योग्य तापमानाला लवकर येत नाही आणि गाडीतला संगणक थंड इंजिनाच्या हिशेबाने जास्त पेट्रोल सोडत राहतो. निळा दिवा मला पाच महिने हेच सांगत होता. रेडिएटर ४,८००, थर्मोस्टॅट, होज पाइप आणि कूलंट मिळून २,६००, मजुरी १,२०० असे ८,६०० रुपये गेले. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमधले सील, वाचले हे नशीब. त्यानंतर शहरातले ॲव्हरेज १३ वर आणि हायवेचे १७-१८ वर गेले. बोअरचे पाणी रेडिएटरमध्ये ओतण्याची आपल्याकडची सवय किती महाग पडते, हे क्षारांचा थर बसलेली ती जाळी पाहून कळले.

दुसरा खर्च सस्पेन्शनचा. खड्ड्यातून जाताना पुढच्या डाव्या बाजूने खडखड येत असे. एका मोठ्या वर्कशॉपने चारही शॉक ॲब्सॉर्बर बदलण्याचे १९ हजारांचे अंदाजपत्रक हाती ठेवले. मी गाडी गल्लीतल्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी सस्पेन्शनमधला लिंक रॉड हा छोटा जोडदांडा हाताने हलवून दाखवला आणि तो दाताखाली खडा आल्यासारखा वाजला. शॉक ॲब्सॉर्बर कोरडे होते, म्हणजे तेल गळत नव्हते. चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मचे रबरी बुश मात्र फाटलेले होते. नाना पेठेतून दोन लिंक रॉड १,३०० ला आणि लोअर आर्मची जोडी ३,४०० ला आणली. मजुरी आणि अलाइनमेंट धरून ६,१०० रुपयांत आवाज थांबला. आवाजाची जागा समोर दाखवल्याशिवाय कोणताही भाग बदलू देऊ नये, असे माझे मत तेव्हापासून पक्के झाले.

क्लच ८६ हजार किलोमीटरवर गेला, जे वयाला धरूनच होते. चढावर इंजिनाचे आवर्तन वाढायचे पण वेग वाढत नसे. प्रेशर प्लेट, क्लच प्लेट आणि बेअरिंग असा पूर्ण संच ५,८००, मजुरी २,५००, गिअर ऑइल ७००. जुनी प्लेट ठेवून फक्त बेअरिंग बदलण्याचा सल्लाही मिळाला होता. पण गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी दोन्ही वेळा तीच, म्हणून तो मानला नाही. एसीची कूलिंग कॉइल गळत होती. गॅस दोनदा भरून दोनदा उडाल्यावर डॅशबोर्ड खोलावा लागला आणि तिथे ६,९०० गेले. सुरुवातीची सर्व्हिस ४,३००, बॅटरी ४,२००, मागचे ब्रेक शू आणि व्हील सिलिंडर २,३००, आणि पावसाळ्यात उंदरांनी कुरतडलेली वायरिंग १,४००. उंदरांवर तंबाखूची पुरचुंडी ते डांबरगोळ्या असे सर्व उपाय केले. गाडी रोज हलवणे हाच त्यातला खरा उपाय ठरला.

एकूण ४२,८०० रुपये, म्हणजे इंधन आणि विमा सोडून किलोमीटरमागे सुमारे ३ रुपये ८० पैसे. यातला निम्म्याहून थोडा जास्त खर्च कूलिंग, क्लच आणि एसी या तीनच कामांचा आहे आणि ती कामे आता काही वर्षे परत निघू नयेत. ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलबद्दल विचाराल तर इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच ऊर्जा असते, त्यामुळे ॲव्हरेजमधली थोडी घट मी गृहीत धरली आहे. या वयाच्या गाडीचे रबरी इंधन पाइप मात्र दर सर्व्हिसला वाकवून, भेगा पडल्या आहेत का ते पाहून घेतो.

अशी गाडी घेणाऱ्याने थंड इंजिन सुरू करून निळा दिवा किती वेळात विझतो ते पाहावे, थंड असतानाच रेडिएटरचे झाकण काढून आतला रंग बघावा, आणि टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचावेत. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. माझ्या टायरांवर ३११७ आहे, खाचा अजून खोल आहेत, तरी रबर कडक झाले आहे. चार टायरांचे १६-१७ हजार बाजूला ठेवले आहेत. मार्च २०२७ मध्ये नोंदणीला पंधरा वर्षे होतील, तेव्हा फिटनेस तपासणी, पुनर्नोंदणीचे शुल्क आणि पर्यावरण कर भरावा लागेल, आणि ती नोंदणी पुढे पाच वर्षांसाठीच मिळेल. टायर त्या तपासणीच्या आधी बदलणार आहे.